बिनमाणसाचं पाणी

दुष्काळात बाग जगवणं शहाणपणाचं नाही, हे मला शेजाऱ्यांनी सांगायची गरज नव्हती. तरी ते सांगत. लातुरात आमच्या गल्लीत टँकर आला की बाया हंडे घेऊन उभ्या राहायच्या आणि फाटकातून आत बघून म्हणायच्या, "तुमच्या तगरीला बरी फुलं हाईत की." त्यात कौतुक नसायचं.

बाग म्हणजे तरी काय होती? माणसाच्या उंचीचा एक बेल, दोन तगरी, पांढरी जास्वंद, मोगरा, लिंबू आणि कढीपत्ता. गुलाबाच्या कुंड्या मी आधीच्या उन्हाळ्यातच सोडून दिल्या होत्या. उरलं ते कढीपत्ता आणि लिंबू सोडता सगळं माझ्या सासऱ्यांच्या पूजेचं. अप्पांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं. ते बंद करून ते आमच्याकडे लातूरला आले, त्यानंतर सासूबाई गेल्या. रोज सकाळी अंघोळ, कपाळाला भस्म, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा. लिंगावर वाहायला एक बेलाचं पान आणि एक पांढरं फूल, बस. बाजारात दोन्ही मिळतं. पण दारचं पान तोडायला ते उठतात, चपला घालतात, अंगणात जातात, हे मी पाहत होते. बाजारचं पान आणलं असतं तर त्यांना अंगणात जायचं कारणच उरलं नसतं. मी झाडं राखली ती एवढ्याचसाठी.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता दोन गोष्टी झाल्या. मी ज्या शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकवत होते, तिच्या कंधारच्या शाळेवर मला मुख्याध्यापिका म्हणून जायला सांगितलं. आणि अप्पा बादली घेऊन अंगणात घसरले.

हाड मोडलं नाही. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता भरलेली बादली उचलायची नाही. अप्पा घरी येताना रिक्षात म्हणाले, "आर्धीच बकेट होती ती."

"अर्धी होती म्हणून आपण घरी चाललोय," मी म्हणाले.

माझ्या नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. सकाळी जातो, दुपारी जेवायला येतो, पुन्हा जातो. त्यानं मला विरोध केला नाही, पण एक गोष्ट समोर ठेवली. "तू आठवडाभर तिकडं राहणार. इकडं अप्पा झाडं सुकायला लागली की बादली उचलणार. तू असलीस तर ऐकतात, माझं ऐकत नाहीत. पुन्हा पडले तर तुला परत यावं लागेल, हे आत्ताच लक्षात घे."

त्याचं चुकत नव्हतं. संस्थेच्या सचिवांशी मी बोलले. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत काम बघा. दिवाळीला हो की नाही ते नक्की सांगा. तुमचं जमत नसलं तर मला दुसरं कोणी बघावं लागेल." म्हणजे माझ्या बढतीचा निकाल एका बादलीवर येऊन ठेपला होता. मग मी बादलीचाच बंदोबस्त करायचं ठरवलं.

टाकीतलं पाणी झाडांना द्यायचं नाही, हे पहिलं ठरलं. आमचं कपडे धुण्याचं मशीन ओट्यावर आहे आणि अंगण ओट्यापेक्षा चांगलं खाली आहे. कपडे शेवटचे खळबळल्याचं पाणी, ज्यात साबण जवळपास नसतो, ते मशीनच्या नळीनं थेट अंगणातल्या एका निळ्या ड्रममध्ये सोडलं. ड्रम फरशीच्या तुकड्यांच्या थप्पीवर ठेवला. त्याला खाली पितळी कॉक बसवला, पिवळ्या दांडीचा. दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी केली की बंद. कॉकपासून ठिबकच्या बारीक नळ्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी नेल्या. बादली कुठंच नाही. अप्पांनी फक्त दांडी फिरवायची आणि थोड्या वेळानं परत फिरवायची. मी खूश होऊन कंधारच्या बसमध्ये बसले.

कंधारला मी एक खोली घेतली होती. पाणी तिथंही मोजूनमापूनच होतं, पण शाळा चांगली होती. मुली बोलक्या होत्या आणि शिक्षक माझ्याकडे संशयानं बघत होते, म्हणजे सगळं रीतसर होतं. त्या शनिवारी दुपारी घरी आले तर ओट्यावर ओली बादली.

झालं असं होतं. जळकोटचे एक गृहस्थ, अप्पांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र, आमच्या शेजारच्या गल्लीत लेकीकडे राहायला आले होते. सगळे त्यांना मालक म्हणत. मालकांचा आवडता विषय एकच: उदगीर जिल्हा होणार. अप्पांनी दांडी फिरवली आणि मालक आले.

"आता होणार म्हंजे होणार. बोर्ड रंगवायचा ऱ्हायलाय फकस्त."

"लातूर झाला तव्हा बी असंच म्हणून राहिले होते लोक," अप्पा म्हणाले असणार, कारण ते नेहमी हेच म्हणत.

"मग? झाला का न्हाई लातूर जिल्हा?"

"झाला. पाणी आलं का पण?"

दोघं या मुद्द्यावर बराच वेळ बसले. जळकोट कोणत्या बाजूला जाणार, कलेक्टर कुठं बसणार, कचेरीला जागा कोणाची जाणार. तेवढ्यात ड्रम रिकामा झाला. पाणी मोगऱ्याच्या आळ्यातून वाहून फाटकाबाहेर गेलं आणि गल्लीतल्या लोकांनी ते पाहिलं. दुष्काळात पाणी फाटकाबाहेर वाहणं म्हणजे घराची अब्रू वाहणं. अप्पांना ते इतकं लागलं की पुढचे दोन दिवस झाडांना पाणी द्यायला त्यांनी टाकीतून बादली काढली. थोडं थोडं, लपून. नवऱ्यानं पाहिलं.

जेवताना एवढंच म्हणाला, "सचिवांना काय सांगायचं ते बघ."

मी रविवारी सकाळी बाजारात गेले. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला म्हटलं, नळाला लावायचा टायमर दाखवा. ठरलेल्या वेळी आपोआप पाणी सोडतो आणि आपोआप बंद करतो, तो.

त्यानं काचेवर एक चकचकीत डबी ठेवली. "हे घ्या मॅडम. स्क्रीन हाय, लई प्रोग्रॅम हाईत. वेगळा सोमवार, वेगळा मंगळवार."

"आमच्या झाडांना वार कळत नाहीत. ड्रमवर चालेल का? पंप नाही, टाकी उंच नाही. ड्रम अंगणात आहे, कमरेएवढ्या उंचीवर."

"ड्रमवर बी चालतं, बोरवर बी चालतं. कशावर बी चालतं."

"मग चालवून दाखवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर बसले. शेवटी त्यानं शिडीच्या मधल्या पायरीवर नळ असलेली कॅन ठेवली, टायमर जोडला आणि बटणं दाबली. आतून टिक असा आवाज आला. पाणी आलं ते सर्दी झालेल्या नाकासारखं. बंद केल्यावरही ते तसंच गळत राहिलं.

"दाब कमी पडून राहिला," तो म्हणाला.

"तेच मी विचारत होते."

मला विज्ञान शिकवून इतकी वर्षं झाली, पण हे कळायला विज्ञान लागत नाही. डबीवरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. या जातीच्या टायमरमध्ये रबराचा पडदा असतो आणि तो उघडायला-मिटायला पाण्याचा दाब लागतो. नळयोजनेच्या भरदार नळावर ते उत्तम. ज्यांच्याकडे पाणी वरून नुसतं उतरतं, त्यांना दुसरी जात लागते. तिच्या आत भोक पाडलेली गोळी असते आणि छोटी मोटार ती फिरवते. भोक समोर आलं की पाणी चालू, फिरलं की बंद. दाब असो नसो.

दुकानदारानं आतून धूळ बसलेलं खोकं आणलं. "हे कोणी घेत न्हाई. ह्याला स्क्रीन न्हाई." त्याला फक्त दोन मोठ्या चकत्या होत्या. एक किती वेळानं पाणी सोडायचं याची, दुसरी किती वेळ सोडायचं याची. अप्पांना चष्म्याशिवाय दिसतील एवढे आकडे. शिडीवरच्या कॅनला जोडल्यावर त्यानं घर्र असा आवाज केला, पाणी सरळ धारेनं आलं, पुन्हा घर्र झालं आणि धार थांबली. एक थेंबही मागे राहिला नाही.

"तुम्ही शाळेत हाव का?" दुकानदारानं विचारलं.

"कशावरून?"

"परीक्षा घेतल्याबिगर सोडत न्हाई तुम्ही."

घरी येऊन तो मी ड्रमच्या कॉकला जोडला. मधे जाळीचा छोटा फिल्टर घातला, कारण कपड्यांचे धागे बारीक नळ्यांत अडकतात. मशीनच्या नळीच्या तोंडालाही नवऱ्याचा जुना पायमोजा बांधला. उन्हानं प्लास्टिक तडकू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा अर्धा कापून टायमरवर टोपीसारखा बसवला. त्या टायमरची एक खोड अशी की ज्या वेळी चकती फिरवाल, तिथून त्याचा दिवस सुरू होतो. मी सोमवारी बसला निघण्यापूर्वी पहाटे ती फिरवली. पहाटे ऊन नसतं, पाणी कमी उडतं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

शनिवारी आले तर तगर मान टाकून उभी होती आणि ड्रम काठोकाठ भरला होता.

मी सेल बदलले. जाळी धुतली. टायमर काढून स्वयंपाकघरात तांब्यानं पाणी ओतून तपासला. घर्र करून उघडला, घर्र करून मिटला. पुन्हा जोडला. हातानं पाणी दिलं, झाडं उठली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तगर मेल्यासारखी, ड्रम भरलेला. लिंबानं पानं गाळली होती आणि बेलाच्या शेंड्याकडची पालवी करपून तपकिरी झाली होती. अप्पा पूजेला खालचं जुनं पान तोडत होते.

"तुझं मशीन बिघडलं, बाई," अप्पा म्हणाले. बाई हा त्यांचा मायेचा शब्द. "मी आपलं एक तांब्या..."

"तांब्याही नको."

"मग मरू द्यायची का झाडं?"

दिवाळी समोर दिसत होती. पाऊस नावापुरता येऊन गेला होता आणि परतीच्या पावसाची भाषा कोणी करत नव्हतं. यंत्र चांगलं, पाणी भरलेलं, झाडं कोरडी. शाळेत एखादं भांडण सोडवताना मी करते तेच केलं. कोणाला काही न विचारता रविवारी पहाटे खिडकीत चहा घेऊन बसले.

ठरल्या वेळी घर्र आवाज आला. ड्रिपरखालची माती काळी होऊ लागली. मी समाधानानं घोट घेतला. तेवढ्यात माझा नवरा दात घासत ओट्यावर आला, ड्रमकडे गेला, पिवळी दांडी आडवी केली आणि दात घासत परत आला.

थोड्या वेळानं मी बाहेर जाऊन दांडी पुन्हा पाइपाच्या रेषेत आणली आणि परत खिडकीत बसले. दूधवाला आला. किटली ओट्यावर ठेवली, जाता जाता दांडी आडवी केली. मी पुन्हा उघडली. शेजारच्या काकू कढीपत्ता तोडायला आल्या. चार काड्या तोडल्या, दांडी आडवी केली, आणि वर खिडकीकडे बघून म्हणाल्या, "आवं मॅडम, पाणी चालू ठिवलं व्हतं कोणीतरी. बंद केलं मी."

"उपकार झाले, काकू," मी म्हणाले.

अप्पांना विचारलं तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "तू येऊन गेलीस की कोणीतरी चालू ठेवलेलंच असतं बघ. मी उठलो की आधी बंद करतो." दर शनिवारी जाळी धुऊन दांडी मीच उघडत होते; ती आधीच आडवी असते, हे धुण्याच्या नादात माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोष कोणाला द्यायचा? त्या वर्षांत आमच्याकडे माणसाच्या हाताला ती सवयच लागली होती. नळ चालू आहे आणि जवळ माणूस नाही, असं दिसलं की बंद करायचा. मग तो स्वतःचा असो, शेजाऱ्याचा असो की बसस्टँडवरचा. दुसऱ्याच्या घरात न विचारता पाऊल टाकायचं नाही, पण नळ बंद करायला परवानगी लागत नव्हती. कंधारच्या शाळेत मीच प्रार्थनेच्या रांगेतून उठून जाऊन नळ बंद करत असे. पहाटे, कोणी नसताना पाणी सोडण्याची माझी हुशारी या सवयीसमोर कशी टिकणार होती?

जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "सकाळी दांडी का बंद केलीत?"

"कोणती दांडी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.

दुपारी मी पाना घेतला, कॉकचा नट सोडवला, पिवळी दांडी काढून हत्यारांच्या पेटीत टाकली. अप्पा खाटेवरून बघत होते.

"दांडी काढलीस?"

"काढली."

"मग मी नळी मोडून धरीन," ते म्हणाले. थट्टेनं नव्हे. "बिनमाणसाचं पाणी मला बघवत न्हाई, बाई. रागाव पाहिजे तर."

मी पाना खाली ठेवला. ते खरं बोलत होते. त्यांना पाणी द्यायची हौस नव्हती आणि बादलीची तर मुळीच नव्हती. पाणी चाललंय आणि कोणी बघत नाही, एवढंच त्यांना सोसत नव्हतं. दांडी काढून ते सुटणार नव्हतं. माणूस आणून सुटणार होतं.

"पूजा झाल्यावर तुम्ही कुठं बसता?"

"इथंच. खाटेवर. मालक येतात."

"मग पाणी तेव्हा सोडू. तुम्ही हात लावायचा नाही. फक्त बघायचं. कोणी बंद करायला आलं तर सांगायचं, चालू आहे, मी आहे."

"अन् उन्हात पाणी उडून जाईल म्हणत होतीस ते?"

"थोडं उडेल. आत्ता सगळंच ड्रममध्ये राहतंय."

त्यांनी विचार केला. दुकान चालवलेला माणूस; व्यवहार कळत होता. "बघायला काय, बघतो," म्हणाले.

सोमवारी मी पहाटेची बस सोडली आणि नंतरच्या बसनं गेले, पहिल्या तासाला उशीर झाला तरी. अप्पांची पूजा संपली, ते भस्म लावलेल्या कपाळानं खाटेवर येऊन बसले, आणि मी चकती फिरवली. घर्र. मालक फाटकातून आत येता येता सवयीनं ड्रमकडे वळले.

"राहू द्या, मालक," अप्पा म्हणाले. "चालू हाय ते. मी हाय."

"का बरं चालू हाय?"

"बसा. बंद झालं की कळंल."

मालक बसले. उदगीरच्या कलेक्टर कचेरीचा विषय निघाला. विषय अर्ध्यावर असताना पुन्हा घर्र झालं आणि पाणी थांबलं. अप्पा म्हणाले, "झालं. तुमचा जिल्हा होईल तव्हा होईल, आमचं पाणी वेळेवर बंद झालं." मालकांना हे फारसं आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते थोडे लवकर आले. त्यांना बंद होताना परत बघायचं होतं.

पुढच्या शनिवारी तगर उभी होती. ड्रम अर्धा होता. लिंबाला बारीक पोपटी फूट आली होती. मी कौतुक न करता जाळी काढून धुतली. जाळी दर रविवारी धुवायची. आमच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसला की लिंबाच्या फोडींच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. रबराचं वॉशर सुकलं की त्याला खोबरेल तेलाचं बोट. ड्रिपर अडला तर काढून उलट्या बाजूनं फुंकायचा. यात अवघड काही नाही, फक्त कंटाळा करून चालत नाही. अप्पा खाटेवरून सगळं बघत होते. मला वाटलं, नुसतंच बघताहेत.

दिवाळीच्या सुटीआधीच्या आठवड्यात शाळेत फोन आला. अप्पा स्वतः फोन करत नाहीत, आणि पलीकडे त्यांचाच आवाज होता.

"काय झालं? पडलात का?"

"पडंन कशाला? खाटेवर तर हाय. आगं, मशीनचा आवाज बदललाय. घर्र म्हणत न्हाई. घुर्रर्र म्हणतंय, दमल्यावानी. मालक म्हणतात पाणी कमी हाय, मी म्हणतो पाण्याचा संबंध न्हाई, सेल गेले."

"सेलच आहेत. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेत."

"ते घातले मी सकाळीच. तुला विचारायला न्हाई, सांगायला फोन केला. जाळी बी धुतली. आता ठीक हाय." मग जरा थांबून, "झाडाकडं जाताना रिकाम्या हातानं गेलो व्हतो. विचारशील म्हणून सांगतो."

मी फोन ठेवला, नववीचा तास घेतला, आणि मधल्या सुटीत सचिवांना फोन करून सांगितलं की मी कंधारला राहते आहे.

दिवाळीला घरी आले तेव्हा अप्पांनी हत्यारांच्या पेटीतून दांडी काढून ठेवली होती. "बसवून टाक ही. बिनदांडीचा कॉक बरा दिसत न्हाई."

"पुन्हा बंद करतील सगळे."

"करू देत बरं. मी बसलोय."

मी बसवली. सुटीच्या शेवटच्या रविवारी सकाळी पूजा आटोपून अप्पा खाटेवर आले, बेलाचं कोवळं पान त्या दिवशी त्यांनी शेंड्याजवळचं तोडलं होतं. घर्र झालं. नवरा चहाचा कप घेऊन ओट्यावरून उतरला, ड्रमजवळून जाताना त्याचा मोकळा हात आपोआप दांडीकडे गेला.

"आं," अप्पा म्हणाले.

हात मागे आला. नवरा कप घेऊन खाटेच्या कडेला बसला आणि तोही पाण्याकडे बघू लागला. मी ओट्यावर सोमवारच्या बसची पिशवी भरत होते.